व्यक्तिमत्त्वाचे इतके सिद्धांत आहेत, मग त्यांपैकी खरा कोणता मानायचा?

विश्रामबाग

नमस्कार. मी सांगलीत कनिष्ठ महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवते. व्यक्तिमत्त्वाचा पाठ सुरू झाला की वर्गातले कुणीतरी हमखास एक प्रश्न विचारते आणि तो मला अगदी रास्त वाटतो. फ्रॉइड यांच्या मते माणूस त्याच्या नकळत चालणाऱ्या आंतरिक झगड्यातून घडतो. स्किनर यांच्या मते वर्तनाचे जे परिणाम वाट्याला येतात ते माणसाला घडवतात. रॉजर्स यांना माणसाची स्वतःविषयीची कल्पना मध्यवर्ती वाटते, तर आयसेंक स्वभावभेदांचे मूळ मज्जासंस्थेत शोधतात. ही सगळी मते एकाच वेळी खरी कशी असतील? पाठ्यपुस्तक त्यांना एकापाठोपाठ एक मांडते आणि पुढच्या प्रकरणाकडे वळते. मुले परीक्षेपुरती नावे पाठ करतात आणि शेवटी व्यक्तिमत्त्व म्हणजे काय याविषयी त्यांचे स्वतःचे काहीही मत बनत नाही.

व्याख्येपुरते बोलायचे तर मी गॉर्डन ऑलपोर्ट यांच्यापासून सुरुवात करते. त्यांनी १९३७ साली तोवरच्या जवळपास पन्नास व्याख्या तपासल्या आणि मग स्वतःची मांडली. तिचा आशय असा की, व्यक्तीचे परिसराशी होणारे अनन्य समायोजन ज्या मनोशारीरिक यंत्रणा ठरवतात, त्या यंत्रणांचे व्यक्तीच्या आत असलेले गतिशील संघटन म्हणजे व्यक्तिमत्त्व. या व्याख्येनुसार व्यक्तिमत्त्व म्हणजे समोरच्यावर पडणारी छाप नव्हे. उन्हाळ्यात गावोगावी जी व्यक्तिमत्त्व विकास शिबिरे भरतात त्यांत मुख्यतः ही छापच शिकवली जाते, त्यामुळे मुलांच्या मनातला गोंधळ आणखी वाढतो.

ज्यांनी हा विषय अभ्यासला आहे, किंवा ज्यांना कामानिमित्त माणसे पारखावी लागतात, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

चारभिंती

ताई, मी साताऱ्यात समुपदेशनाचे काम करतो. हे सिद्धांत एकाच प्रश्नाची परस्परविरोधी उत्तरे आहेत असे गृहीत धरले की गोंधळ होतो, कारण मुळात त्यांचे प्रश्नच वेगळे होते. फ्रॉइड यांच्यासमोर व्हिएन्नातले रुग्ण होते. ज्या त्रासाचे कारण रुग्णाला स्वतःलाच सांगता येत नाही तो त्रास येतो कुठून, हा त्यांचा प्रश्न होता, आणि १९२३ साली त्यांनी मांडलेले इदम् (आदिम इच्छा), अहम् (व्यवहार सांभाळणारा मी) आणि पराहम् (आतला नैतिक पहारेकरी) हे त्रिकूट त्या प्रश्नासाठी होते. माणसे एकमेकांपासून नेमकी कोणकोणत्या बाबतींत वेगळी असतात, याचे मोजमाप करण्यासाठी ते त्रिकूट कधीच नव्हते.

मोजमापाची वाट दुसऱ्यांनी धरली. ऑलपोर्ट आणि त्यांचे सहकारी ओडबर्ट यांनी १९३६ साली इंग्रजीचा एक मोठा शब्दकोश घेऊन माणसाचे वर्णन करणारे सुमारे अठरा हजार शब्द वेचले आणि त्यांतले साधारण साडेचार हजार स्थिर गुणविशेषांचे म्हणून वेगळे काढले. त्यांची श्रद्धा अशी होती की, माणसामाणसांतला जो फरक रोजच्या जगण्यात महत्त्वाचा असतो, त्यासाठी भाषेत शब्द तयार झालेलाच असतो. कॅटेल यांनी ती यादी आटवत नेली आणि घटक विश्लेषण या संख्याशास्त्रीय पद्धतीने सोळा घटकांपर्यंत आणली. १९६१ मध्ये ट्यूप्स आणि क्रिस्टल या अमेरिकी हवाई दलातल्या दोन संशोधकांना वेगवेगळ्या गटांच्या माहितीत पुन्हा पुन्हा पाचच मोठे घटक सापडले. पुढे गोल्डबर्ग यांनी त्यांना महापंचक या अर्थाचे नाव दिले आणि कोस्टा व मॅक्रे यांनी त्यावर २४० विधानांची प्रश्नावली बांधली. अनुभवांविषयीचा खुलेपणा, कर्तव्यदक्षता, बहिर्मुखता, सौहार्द आणि भावनिक अस्थिरता हे ते पाच घटक. आज संशोधनात सर्वाधिक वापर याच चौकटीचा होतो.

ऑलपोर्ट यांच्याविषयी एक प्रसंग सांगावासा वाटतो, कारण दोन दृष्टिकोनांतला फरक त्यात स्पष्ट दिसतो. १९२० मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, ते फ्रॉइड यांना भेटायला गेले. फ्रॉइड काहीच बोलेनात म्हणून ऑलपोर्ट यांनी वाटेत ट्राममध्ये पाहिलेल्या एका लहान मुलाची गोष्ट सांगितली. त्या मुलाला घाणीची विलक्षण भीती वाटत होती. फ्रॉइड यांनी शांतपणे विचारले, तो लहान मुलगा तुम्हीच होता का? ऑलपोर्ट थक्क झाले. खोलवर खणण्याच्या नादात समोरच्या माणसाचा उघड हेतू नजरेआड होऊ शकतो, हा धडा त्यांनी त्या भेटीतून घेतला.

हळदबाजार

चारभिंती सरांचा प्रतिसाद दोनदा वाचला. मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत व्यवसाय करतो आणि माणूस ओळखणे हा आमच्या धंद्याचा कणा आहे. माझी शंका अशी आहे की, हे पाच गुण माणसाला चिकटलेले असतात असे तुम्ही म्हणता, परंतु माझ्या पाहण्यातला एक खरेदीदार एका पेढीचे पैसे ठरल्या दिवशी देतो आणि दुसऱ्या पेढीला सहा-सहा महिने फिरवतो. घरी तो अत्यंत प्रेमळ बाप आहे, देवस्थानाच्या हिशेबात एका पैचाही घोळ करत नाही. आता हा माणूस कर्तव्यदक्ष म्हणायचा की बेफिकीर? आम्ही यार्डातले लोक कोणाविषयीही तो चांगला आहे किंवा वाईट आहे असे सांगत नाही, कोणाशी कसा वागतो ते सांगतो.

यवतेश्वर

हळदबाजार काकांनी जे निरीक्षण मांडले आहे, त्यावर या शास्त्रात अनेक दशके कडाक्याचा वाद झाला आहे. १९२८ साली हार्टशॉर्न आणि मे या अमेरिकी संशोधकांनी हजारो शाळकरी मुलांच्या प्रामाणिकपणाचा अभ्यास प्रसिद्ध केला. परीक्षेत नक्कल करण्याची, खेळात खोटे गुण सांगण्याची, पैसे उचलण्याची संधी मुलांना मुद्दाम मिळेल अशी रचना त्यांनी केली होती. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेले मूल दुसऱ्या ठिकाणीही प्रामाणिक राहील अशी अपेक्षा होती, पण दोन वेगळ्या प्रसंगांमधला सहसंबंध सरासरी ०.२ च्या आसपासच निघाला. शून्य म्हणजे काहीही संबंध नाही आणि एक म्हणजे पूर्ण संबंध, हे लक्षात घेतले तर हा आकडा किती लहान आहे ते कळते.

वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवले की, प्रश्नावलीतून काढलेला गुणविशेष आणि एखाद्या प्रसंगातले प्रत्यक्ष वर्तन यांचा संबंध बहुधा ०.३० च्या वर जात नाही. या पुस्तकाने व्यक्तिमत्त्व मानसशास्त्राचा पायाच हलवला. माझे स्वतःचे मत मिशेल यांच्या बाजूने आहे. आपण माणसाला गुणांच्या पेट्यांत बसवतो ती आपली सोय असते, आणि त्याच्या वागण्याचे खरे कारण पुष्कळदा तो ज्या परिस्थितीत उभा आहे तिच्यात असते.

हरिपूर_संगम

यवतेश्वर यांच्या म्हणण्याला जोड म्हणून एक अनुभव नोंदवते. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आमच्या भागातल्या अनेक कुटुंबांना एका दुमजली घराच्या वरच्या मजल्यावर आसरा घ्यावा लागला. आमच्या शेजारी राहणारे एक गृहस्थ इतके अबोल की गणेश मंडळाच्या बैठकीतही त्यांचा आवाज कुणी ऐकलेला नव्हता. त्या दिवसांत त्यांनीच कुणाला मधुमेहाचे औषध लागते, कुणाचे मूल अंगावर पिते, बोट आली तर आधी कोण उतरणार याची यादी केली आणि धडधाकट तरुणांना ठामपणे मागे थांबवले. बैठका गाजवणारे काही जण मात्र पूर्णपणे गळून गेले होते. पाणी ओसरल्यावर हे गृहस्थ पुन्हा पूर्वीसारखेच अबोल झाले. त्यांचे खरे व्यक्तिमत्त्व कोणते, पुरातले की एरवीचे, हा प्रश्न माझ्या मनात आजही आहे.

चारभिंती

हरिपूर_संगम ताई, दोन्ही खरी, आणि तेच तर समजून घ्यायचे आहे. अबोलपणा आणि कर्तव्यदक्षता या दोन वेगळ्या बाबी आहेत. पुराच्या आधीही त्या गृहस्थांच्या घरची कागदपत्रे, बिले, औषधे कदाचित अशीच नीट लावलेली असतील. बैठकीत जो गुण दिसायला वावच नव्हता, तो पुरात उपयोगी पडला.

यवतेश्वर, तुमच्या मिशेल यांच्याविषयीच्या निष्कर्षाशी मात्र मी सहमत नाही. एकेका प्रसंगाचा अंदाज वर्तवता येत नाही हे खरे, परंतु सिमोर एपस्टीन यांनी १९७९ मध्ये दाखवून दिले की, अनेक दिवसांच्या वर्तनाची सरासरी घेतली तर माणसाच्या वागण्यातले सातत्य ठळकपणे दिसू लागते. शिवाय ०.३० हा आकडा लहान म्हणून परिस्थिती मोठी, हा तर्कही टिकत नाही. फंडर आणि ओझर यांनी १९८३ मध्ये परिस्थितीचा प्रभाव सिद्ध करणाऱ्या गाजलेल्या प्रयोगांचे निष्कर्ष त्याच मापात बसवून पाहिले तेव्हा ते साधारण ०.४ च्या आसपास आले. म्हणजे ज्या परिस्थितीच्या जोरावर व्यक्तिमत्त्वाला मोडीत काढले जात होते, तिचा स्वतःचा जोरही फार वेगळा नव्हता.

खुद्द मिशेल यांनीही व्यक्तिमत्त्व नाहीच असे म्हटले नव्हते. युइची शोडा यांच्याबरोबर १९९५ मध्ये त्यांनी जो सिद्धांत मांडला, तो मला या सगळ्या वादातली सर्वांत मोलाची कमाई वाटतो. उन्हाळी निवासी शिबिरातल्या मुलांचे त्यांनी दिवसेंदिवस निरीक्षण केले होते. दोन मुलांच्या आक्रमकपणाची सरासरी सारखीच असली, तरी एक मूल सोबत्याने चिडवले की भडकत होते आणि दुसरे मोठ्या माणसाने ताकीद दिली की भडकत होते, आणि ही तऱ्हा त्या त्या मुलाच्या बाबतीत टिकून राहत होती. मिशेल यांनी तिला जर-तरचा नमुना मानले आणि व्यक्तिमत्त्वाचे सातत्य त्या नमुन्यात शोधले. आमच्या सातारा जिल्ह्याच्या पावसाचे असेच आहे. महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि माण तालुक्यात ५०० च्या आसपास. जिल्ह्याची सरासरी खोटी नसते, पण माणमधल्या म्हसवडच्या शेतकऱ्याला तिचा उपयोग नसतो. हळदबाजार काका यार्डातल्या खरेदीदाराविषयी जे सांगतात तो शुद्ध जर-तरचा नमुना आहे.

हळदबाजार

एवढे मोठे वाद झाल्यानंतर शास्त्र यार्डाच्या पद्धतीपाशी येऊन पोहोचले हे वाचून समाधान वाटले.

संगममाहुली

मी सैन्यातून निवृत्त झालो आहे आणि मुलांना अधिकारी निवडीसाठी मार्गदर्शन करतो. सातारा जिल्ह्यात हा विषय घरोघरचा आहे. देशातली पहिली सैनिक शाळा १९६१ साली साताऱ्यातच सुरू झाली आणि अपशिंगेसारखी गावे पिढ्यान् पिढ्या सैन्यात माणसे पाठवत आली आहेत. त्यामुळे वरच्या वादाकडे मी निवड मंडळाच्या अंगाने पाहतो.

सेवा निवड मंडळाची प्रक्रिया पाच दिवस चालते. तीत तीन स्वतंत्र परीक्षक असतात आणि मन, वाणी व कृती या तिन्ही अंगांनी उमेदवार तपासला जातो. मानसशास्त्रज्ञ लेखी चाचण्या तपासतो, मुलाखत घेणारा अधिकारी बोलते करतो आणि गटचाचणी अधिकारी मैदानावर पाहतो. मानसशास्त्रीय चाचण्यांतली चित्रावरून गोष्ट लिहिण्याची चाचणी मरे आणि मॉर्गन यांनी १९३५ मध्ये मांडलेल्या पद्धतीवर बेतलेली आहे. अस्पष्ट चित्र अर्धा मिनिट पाहायचे आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायची. त्यानंतर ६० शब्द एकेक करून दाखवले जातात आणि प्रत्येकावर १५ सेकंदांत मनात येईल ते वाक्य लिहायचे असते. मैदानावर गटाला एखादे काम दिले जाते, पण प्रमुख कोणालाच नेमले जात नाही. ही कल्पना दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश सैन्याने १९४२ पासून चालवलेल्या निवड मंडळांतून आली आणि तिच्यामागे विल्फ्रेड बायॉन हे मनोविश्लेषक होते.

माझे म्हणणे असे की, चारभिंती सरांनी जी सरासरी आणि जर-तर यांची गोष्ट सांगितली, तीच ही प्रक्रिया व्यवहारात आणते. एका प्रसंगावर विसंबायचे नाही, वेगवेगळ्या परिस्थितीत पाहायचे आणि तीन परीक्षकांची मते शेवटी समोरासमोर ठेवायची. शिकवणी वर्गांत तयार गोष्टी पाठ करून घेतल्या जातात त्याचे मला मनापासून वाईट वाटते. मुलगा कागदावर शूर नायक रंगवतो आणि मैदानावर दोरी आपल्या हातात येताच सोबत्यांकडे पाहायचे विसरतो, हे परीक्षकाला दिसल्याशिवाय राहत नाही.

मिरजेची_तार

संगममाहुली काकांनी वर्णन केलेली प्रक्रिया निदान पाच दिवसांची आहे. माझ्या भाच्याला एका खासगी कंपनीत संगणकावर वीस मिनिटांची प्रश्नावली भरायला लावली, चार अक्षरांचा एक प्रकार त्याच्या नावापुढे लिहिला आणि तू विक्री विभागासाठी योग्य नाहीस असे सांगून परत पाठवले. ही सोळा प्रकारांची पद्धत कितपत शास्त्रीय आहे? गंमत म्हणजे त्याच्या अहवालातले वर्णन घरातल्या प्रत्येकाला अगदी तंतोतंत पटले होते, त्यामुळे आम्हाला वाद घालायलाही तोंड उरले नाही.

यवतेश्वर

मिरजेची_तार, घरातल्या सर्वांना पटले हा त्या अहवालाच्या बाजूचा पुरावा मानू नये. बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांना एक व्यक्तिमत्त्व चाचणी दिली आणि नंतर प्रत्येकाला त्याचे म्हणून एक वर्णन दिले. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात प्रत्येकाच्या हातात एकच मजकूर होता आणि त्यातली बरीच वाक्ये फोरर यांनी बाजारात मिळणाऱ्या भविष्याच्या पुस्तकातून उचललेली होती. इतरांनी आपल्याला मान द्यावा असे तुम्हाला वाटते, काही वेळा तुम्ही मनमोकळे असता तर काही वेळा आत मिटून घेता, अशा प्रकारची वाक्ये कोणाला लागू पडणार नाहीत?

सोळा प्रकारांची पद्धत कॅथरीन ब्रिग्ज आणि इझाबेल मायर्स या मायलेकींनी स्विस मानसोपचारतज्ज्ञ युंग यांच्या १९२१ च्या ग्रंथावरून तयार केली. दोघींचेही मानसशास्त्रात औपचारिक शिक्षण झालेले नव्हते, परंतु माझा मुख्य आक्षेप तो नाही. माणसे अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन ढिगांत विभागलेली नसतात, बहुसंख्य लोक मध्यावर असतात. मध्यावर रेघ मारली की रेघेच्या जवळचा माणूस काही आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरून दुसऱ्या प्रकारात जातो, आणि असे बऱ्याच जणांचे होते. नोकरीतल्या कामगिरीशी संबंध पाहायचा असेल तर बॅरिक आणि माउंट यांनी १९९१ मध्ये केलेल्या एकत्रित विश्लेषणात कर्तव्यदक्षतेचा संबंध जवळजवळ सर्व प्रकारच्या कामांशी आढळला. तोही मर्यादितच आहे. त्यावर एकट्यावर एखाद्या मुलाला परत पाठवणे मला अन्यायाचे वाटते.

वाईकर

या चर्चेत आपल्याकडचा विचार कुणीच आणला नाही याचे आश्चर्य वाटले. सांख्यांनी सत्त्व, रज आणि तम हे तीन गुण मांडले, आयुर्वेदाने वात, पित्त, कफ यांवरून प्रकृती सांगितली. चरकसंहितेच्या शारीरस्थानात मनाचे सोळा प्रकार दिले आहेत. त्यांत ब्राह्म, आर्ष, ऐंद्र इत्यादी सात सात्त्विक, आसुर, राक्षस, सार्प इत्यादी सहा राजस आणि पाशव, मात्स्य, वानस्पत्य हे तीन तामस आहेत. मग आपण ऑलपोर्ट यांच्यापासून सुरुवात का करावी?

विश्रामबाग

वाईकर दादा, हा मुद्दा आणल्याबद्दल आभार. वर्गातही तो निघतो आणि मी तो टाळत नाही. मला त्यातल्या दोन गोष्टी विशेष महत्त्वाच्या वाटतात. गीतेच्या चौदाव्या अध्यायातल्या दहाव्या श्लोकात म्हटले आहे की, कधी रज आणि तम यांना दाबून सत्त्व वाढते, कधी सत्त्व आणि तम यांना दाबून रज, तर कधी सत्त्व आणि रज यांना दाबून तम. म्हणजे हे गुण एकाच माणसात सतत चढ-उतार करतात. अमुक माणूस तामसी आहे असा कायमचा शिक्का मारणे त्या श्लोकाच्या विरोधात जाते. दुसरी गोष्ट अशी की, चरकांनी सोळा प्रकार सांगताना हेही सांगितले आहे की, तरतमभावामुळे, म्हणजे गुणांच्या कमी-अधिक प्रमाणामुळे, प्रत्येकाचे भेद अगणित होतात. यवतेश्वर यांनी सोळा प्रकारांच्या आधुनिक पद्धतीवर घेतलेला आक्षेप चरकांना आधीच ठाऊक होता असे म्हणण्याचा मोह होतो, परंतु मी तेवढे म्हणणार नाही. ग्रंथकाराचा हेतू वैद्यकाचा होता, गीतेचा मोक्षाचा. कोणते गुण एकत्र आढळतात याची मोठ्या समूहावर मोजणी करून, चुकण्याची शक्यता उघडी ठेवून पडताळा घेणे हे काम विसाव्या शतकात सुरू झाले. दोन्ही परंपरांचा आदर राखूनही हा फरक मुलांना सांगितला पाहिजे.

यवतेश्वर

वाईकर यांच्या मुद्द्यात एक रास्त आक्षेप दडलेला आहे आणि तो मला पुढे न्यायचा आहे. व्यक्ती ही परिस्थितीपासून सुटी करून पाहण्याची गोष्ट आहे, हेच मुळात सर्व समाजांत सारखे मानले जात नाही. जोन मिलर यांनी १९८४ मध्ये शिकागोतले अमेरिकी आणि म्हैसूरमधले हिंदू यांची तुलना प्रसिद्ध केली. ओळखीच्या माणसाने केलेले एखादे चांगले किंवा वाईट कृत्य सांगून त्याचे कारण द्यायचे होते. मोटारसायकल चालवणाऱ्या एका वकिलाच्या अपघातात मागे बसलेला माणूस जखमी झाला. वकील त्याला रुग्णालयात सोडून कोर्टात गेला, आणि तो जखमी पुढे दगावला. असे का घडले असे विचारल्यावर अमेरिकी प्रौढांनी वकिलाचा बेजबाबदार स्वभाव पुढे केला, म्हैसूरच्या प्रौढांनी अशिलाप्रती त्याचे कर्तव्य आणि त्या वेळची परिस्थिती पुढे केली. विशेष म्हणजे लहान मुलांमध्ये हा फरक फारसा नव्हता, तो वयाबरोबर वाढत गेला. म्हणजे स्वभावाला कारण मानण्याची सवय काही अंशी समाजच शिकवतो. आपल्या यार्डातली, कोणाशी कसा वागतो हे सांगण्याची पद्धत या अभ्यासाशी किती जुळते ते पाहा.

पाच घटकांच्या सार्वत्रिकतेलाही आव्हान मिळाले आहे. बोलिव्हियातल्या त्सिमाने या शेती व शिकारीवर जगणाऱ्या, बहुतांश निरक्षर समाजात २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही पाच घटकांची रचना नीट उभी राहिली नाही. समाजशीलता आणि उद्यमशीलता अशा दोनच मोठ्या घटकांकडे उत्तरे झुकली.

हरिपूर_संगम

या धाग्यावरचे प्रतिसाद पाहता, अनुभवांविषयीचा खुलेपणा या घटकात इथल्या सर्वांना भरघोस गुण मिळतील असे दिसते. यवतेश्वर यांनी म्हैसूरचा अभ्यास सांगितला हे फार बरे झाले.

विश्रामबाग

सर्वांचे प्रतिसाद वाचून माझ्या मूळ प्रश्नाचे उत्तर मला असे दिसते. चारभिंती सर म्हणतात तसे प्रश्न वेगळे आहेत, आणि ते प्रश्न एकमेकांशी कसे जोडले जातात हे डॅन मॅकॲडम्स यांनी १९९५ मध्ये चांगले दाखवले आहे. एखाद्या माणसाला आपण ओळखतो म्हणजे नेमके काय ओळखतो, असे त्यांनी विचारले आणि तीन पातळ्या सांगितल्या. पहिल्या पातळीवर स्थूल गुणविशेष येतात, जे परक्या माणसाविषयीही लवकर कळतात. दुसऱ्या पातळीवर त्याची उद्दिष्टे, काळज्या, मूल्ये आणि सामना करण्याच्या तऱ्हा येतात, ज्या काळ, स्थळ आणि भूमिकेशी बांधलेल्या असतात. जर-तरचे नमुने मी इथे ठेवीन. तिसऱ्या पातळीवर माणूस स्वतःच्या आयुष्याची जी गोष्ट स्वतःला सांगत असतो ती येते. २४० विधानांची प्रश्नावली भरून घेतलेल्या माणसाचीही तिसरी पातळी आपल्याला पूर्ण अनोळखी असू शकते.

अशा रीतीने पाहिले की कोणता सिद्धांत खरा या प्रश्नाऐवजी कोणता सिद्धांत कोणत्या पातळीवरचे काय सांगतो आणि त्याला पुरावा किती, असे विचारता येते. पुराव्याच्या कसोटीवर सगळे सिद्धांत सारखे नाहीत हेही मी स्पष्ट सांगणार आहे. फ्रॉइड यांच्या बालपणातल्या मनोलैंगिक अवस्थांना आज फारसा आधार उरलेला नाही, पण मनातले बरेच काही जाणिवेबाहेर चालते हा त्यांचा व्यापक मुद्दा टिकला आहे. जॉर्ज केली यांना मी पाठ्यपुस्तक देते त्याहून अधिक वेळ देईन. १९३० च्या दशकातल्या मंदीत ते कॅन्सासच्या ग्रामीण भागात फिरते मानसोपचार केंद्र चालवत होते, आणि दुष्काळाने खचलेल्या शेतकरी कुटुंबांना फ्रॉइड यांचे स्पष्टीकरण पुरत नाही हे त्यांनी तिथेच पाहिले. प्रत्येक माणूस एखाद्या शास्त्रज्ञाप्रमाणे आपल्या जगाविषयी अंदाज बांधतो आणि ते तपासत असतो, हा त्यांचा १९५५ चा सिद्धांत आटपाडी-जतच्या मुलांना मी नक्की सांगेन.

प्रीतिसंगम_कऱ्हाड

चर्चा फार उद्बोधक आहे. मला एक घरगुती शंका विचारायची आहे. माझा मुलगा सहावीत आहे आणि अतिशय बुजरा आहे. पाहुणे आले की आतल्या खोलीत जातो, वर्गात उत्तर येत असूनही हात वर करत नाही. सासूबाई म्हणतात की तो थेट त्याच्या आजोबांवर गेला आहे, त्यामुळे काही बदलणार नाही. नातेवाईक म्हणतात की त्याला व्यक्तिमत्त्व विकास शिबिराला घाला म्हणजे सुधारेल. व्यक्तिमत्त्व जन्मतःच ठरलेले असते का आणि मी नेमके काय करावे?

चारभिंती

ताई, आधी सासूबाईंच्या म्हणण्याविषयी. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून, विशेषतः मिनेसोटा विद्यापीठात १९७९ पासून वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या जुळ्यांचा जो अभ्यास झाला त्यातून, असे दिसते की स्वभावातल्या फरकांपैकी साधारण ४० ते ५० टक्के फरकाचा संबंध आनुवंशिकतेशी आहे. याचा अर्थ तुमच्या मुलाचा निम्मा स्वभाव आजोबांकडून आला असा होत नाही. हा आकडा मोठ्या समूहातल्या माणसामाणसांतल्या फरकाविषयी आहे, एका मुलाविषयी तो काहीच सांगत नाही. आणि आनुवंशिक म्हणजे न बदलणारे असेही नव्हे. रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दीर्घकाळ अभ्यासलेल्या ९२ गटांची माहिती एकत्र केली तेव्हा असे आढळले की माणसे वयाबरोबर सरासरीने अधिक कर्तव्यदक्ष आणि भावनिकदृष्ट्या अधिक स्थिर होत जातात, आणि सर्वाधिक बदल विशी ते चाळिशी या काळात होतो.

बुजरेपणावर हार्वर्डच्या जेरोम केगन यांचे काम सर्वांत उपयोगी आहे. चार महिन्यांच्या बाळांना नवे आवाज आणि नवी खेळणी दाखवल्यावर सुमारे २० टक्के बाळे जोरात हातपाय झाडत आणि रडत. अशी बाळे पुढे बुजरी होण्याची शक्यता अधिक होती, पण त्यांतली थोडीच मुले सातत्याने अतिशय बुजरी राहिली. ज्यांच्या आयांनी प्रत्येक नव्या गोष्टीपासून त्यांचा बचाव केला नाही, तर मायेने पण ठामपणे थोडेथोडे सामोरे जाऊ दिले, त्यांचा बुजरेपणा कमी झालेला दिसला. माझ्या कामातही मला हेच अनुभवाला येते.

म्हणून त्याचा स्वभाव पालटण्याचे उद्दिष्ट ठेवू नका. कमी बोलणे हा दोष नाही. त्याची जर-तर पाहा: नेमके कोणासमोर, किती लोकांत, कोणत्या विषयावर तो गप्प होतो आणि कुठे मोकळा बोलतो, हे काही दिवस लिहून ठेवा. पाहुणे आले की आत जाऊ द्या, पण चहाचा ट्रे नेऊन देण्याचे आणि एका प्रश्नाचे उत्तर देण्याचे काम त्याच्याकडे ठेवा. वर्गशिक्षकांना भेटून सांगा की त्याला अचानक उभे करू नका, आदल्या दिवशी प्रश्न सांगून ठेवा. पाहुण्यांसमोर हा बुजराच आहे असे कोणी म्हणू लागले तर तिथेच थांबवा. शाळेत जाणेच टाळू लागला, पोटदुखी किंवा झोपेची तक्रार वाढली, तर मात्र बालमानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला उशीर करू नका. शिबिराला पाठवायचेच असेल तर वीस-पंचवीस मुलांपेक्षा मोठा गट नको, आणि त्याच्या वर्गातला एखादा मित्र सोबत असेल असे पाहा.